एकोणीसशे नऊची जागा

१

सकाळी सहाला उठायचं, कॉफी ठेवायची, खिडकीतला कूलर चालू करायचा आणि मागच्या खोलीत जाऊन पुस्तकांवरून कोरडं फडकं फिरवायचं. दुकान विकल्यापासून माझा हा नेम. पश्चिम टेक्ससमध्ये, सॅन अँजेलोत, मी एकतीस वर्षं कातडीकाम केलं. खोगिरं दुरुस्त केली, लगाम शिवले, पण जीव रमायचा तो होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायच्या कातडी म्यानात. पुढे बोटांना संधिवाताने धरलं, सुई सुटली आणि मी पुस्तकांच्या मागे लागलो. होल्स्टर कोणी केले, कुठल्या गावच्या कारागिराचा टाका कसा असायचा, कातडं कसं कमावायचे, असली जुनी पुस्तकं. या पुस्तकांचे वेडे अख्ख्या देशात दोनशे असले तर असतील. त्यातले दोन आमच्या गावात. एक मी, डेलबर्ट टीगार्डन. दुसरा हॉलिस ब्रॅनम, जो सव्वीस वर्षं शेरीफच्या हाताखाली डेप्युटी होता आणि आयुष्यभर माझी थट्टा करत आला.

मेंडोटा गावात ऑगस्ट क्रेब्स नावाचा एक जर्मन वळणाचा कारागीर होऊन गेला. एकोणीसशे तीनपासून सतरापर्यंत दर दोन वर्षांनी तो एक लहानसं, हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक छापून घ्यायचा. त्यात त्याचे नमुने, मापं आणि कामाच्या पद्धती. एकूण आठ पुस्तकं. माझ्याकडे सात होती. एकोणीसशे नऊचं नव्हतं.

अकरा वर्षं मी त्याच्यापायी गाडी पळवली. फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात गेलो. तलसात पोचलो तर तासाभरापूर्वीच विकलं गेलेलं. ॲबिलीनच्या एकाने शपथेवर सांगून पाठवलं, पाकीट फोडलं तर एकोणीसशे सातचं. डेन्वरहून आलं ते घोड्याच्या साजाचं माहितीपत्रक निघालं. मेंडोटात क्रेब्सची नात अजून हयात होती. तिला दर वर्षी पत्र लिहायचो आणि दर वर्षी तिचं एका ओळीचं कार्ड यायचं: ‘पुस्तक जागेवर आहे. आ. क्रेब्स.’ देते म्हणायची नाही, देत नाही म्हणायची नाही. ते कार्ड बघूनच माझं रक्त उसळायचं.

शेल्फवर एकोणीसशे सात आणि अकराच्या पुस्तकांमध्ये मी अंगठ्याएवढी जागा मोकळी सोडली होती. बाजूची पुस्तकं कलू नयेत म्हणून पेकानच्या लाकडाचा एक तुकडा, पुस्तकाच्याच जाडीचा, तिथे बसवला होता. जूनमध्ये कूलरच्या वाऱ्याने खोलीचं दार आपटायला लागलं, तेव्हा माझी बायको जुनेल तो तुकडा दाराखाली सरकवायला घेऊन गेली. मीच म्हणालो होतो, ने.

ऑगस्ट लागला तेव्हा एके सकाळी फडकं फिरवताना माझा हात थांबला. सातचं पुस्तक ताठ उभं होतं. अकराचंही ताठ. मध्ये अंगठ्याएवढी फट तशीच.

ही पुस्तकं ताठ उभी राहत नाहीत. ऐंशी वर्षांची बांधणी आहे, कणे सैल झालेत. टेबलावर एकटं उभं केलं तर म्हाताऱ्या कुत्र्यासारखं लगेच आडवं होतं. मधला तुकडा काढल्यावर सातच्या पुस्तकाने अकराच्या खांद्यावर मान टाकायला हवी होती.

मी दोन्ही बाजूंनी दाबून फट बंद केली आणि कॉफी घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा ती होती तशी होती.

२

मला आधी भीती वाटली नाही, राग आला. आयुष्यभर हाताने काम केलेल्या माणसाला वस्तूने ऐकलं नाही की जसा राग येतो, तसा. पाणसळ आणून शेल्फवर ठेवली, बुडबुडा बरोबर मध्यात. हे शेल्फ मीच बांधलेलं, नऊ इंच खोल, मागे पक्की भिंत. मग वाटलं, कूलरच्या दमट हवेने पुठ्ठे फुगले असतील. दोन दिवस कूलर बंद ठेवला. ऑगस्टच्या उकाड्यात जुनेलच्या मानेवर घामोळं आलं.

‘‘त्या फटीला जेवढा वेळ देतोस तेवढा मला दिला असतास ना,’’ ती म्हणाली, ‘‘तर मी आज तुझ्याशी गोड बोलले असते.’’

‘‘तू तो तुकडा नेला नसतास तर हे झालंच नसतं.’’

‘‘तुकडा दाराखाली आहे. घे आणि बस कुरवाळत.’’

मी तुकडा आणला. तो आत जाईना. अकरा वर्षं जिथे बसला होता तिथेच जाईना. फट मोजली तर बरोबर तेवढीच, सूतभरही कमी नाही. दोन बोटं आत जायचा आणि थांबायचा. कडक कशाला अडून नव्हे. भरलेल्या पिशवीत हात घालावा आणि पिशवीने हळूच नको म्हणावं, तसा.

दुपारी हॉलिस आला. उंच, पोट सुटलेला, तोंडात सदा काडी. त्याला दाखवलं. त्याने मागच्या खिशातली काउबॉयची स्वस्त कादंबरी काढली आणि फटीत खुपसली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. कादंबरी अगदी सावकाश बाहेर सरकत आली, कडेवर क्षणभर डोलली आणि जमिनीवर पडली.

हॉलिस हसून हसून लाल झाला. ‘‘लेका, तुझ्या शेल्फला तुझ्यापेक्षा जास्त पारख आहे!’’

‘‘हॉलिस, मस्करी सोड. हे कशाने होतं?’’

‘‘मातीने. दुसरं काय? उन्हाळ्यात इथली जमीन आकसते, घर तिरकं होतं. माझ्याकडे संडासाचं दार जुलैपासून लागत नाहीये. मी गात बसतो, म्हणजे बायको आत येत नाही.’’

‘‘पाणसळ सरळ दाखवते.’’

‘‘मग तुझी पाणसळ तिरकी आहे.’’ त्याने कादंबरी उचलली, झटकली आणि परत खिशात घालायच्या आधी तिच्या कव्हरवरून अंगठा फिरवला. ‘‘ओली झाली की रे,’’ तो म्हणाला.

३

त्याच आठवड्यात मेंडोटाहून कार्ड आलं. एकच ओळ, पण वेगळी: ‘आता न्या.’

मेंडोटा नव्वद मैल. सकाळी निघालो, साडेदहाला पोचलो. मिस आडेला क्रेब्स शहाऐंशी वर्षांच्या होत्या. पांढऱ्या वेण्यांचा मुकुट डोक्यावर गुंडाळलेला, पाठ सरळ. पुढच्या आठवड्यात त्या भाचीच्या गावच्या वृद्धाश्रमात जाणार होत्या.

‘‘तिथे मला एकच कपाट मिळणार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यात सगळं मावणार नाही. बसा. पीचचा केक खाल?’’

मी केक खाता खाता घर बघत होतो आणि काहीतरी खटकत होतं. काय ते पटकन कळेना. मग काचेच्या कपाटाकडे लक्ष गेलं. प्रत्येक बशी आणि प्रत्येक कपाच्या मधल्या जागेत घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद ठासला होता. फोटोंच्या चौकटी भिंतीवर एकमेकींना चिकटून, मध्ये नखही जाणार नाही अशा. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर सांदीत वरपासून खालपर्यंत चिंध्या कोंबलेल्या. पुस्तकांच्या रांगेत पुठ्ठ्याच्या पट्ट्या.

‘‘सामान बांधायला घेतलंत वाटतं,’’ मी म्हणालो.

‘‘नाही. हे असंच असतं.’’ मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. ‘‘मिस्टर टीगार्डन, तुम्ही पत्रात लिहिलं होतंत की तुम्ही याच्यासाठी जागा ठेवली आहे.’’

‘‘हो.’’

‘‘मोकळी?’’

‘‘लाकडाचा तुकडा होता. आता नाही.’’

‘‘कधीपासून नाही?’’

‘‘जूनपासून. का बरं?’’

त्या उठल्या, पुस्तकांपाशी गेल्या. एका हातात घासून गुळगुळीत केलेली फळी घेतली. दुसऱ्या हाताने एकोणीसशे नऊचं पुस्तक इंच इंच बाहेर ओढलं आणि जेवढं ते बाहेर येत होतं तेवढीच फळी मागोमाग आत सरकवत नेली. रोग्याच्या अंगाखालची चादर बदलणारी नर्स जशी त्याला क्षणभरही उघडं पडू देत नाही, तसं. पुस्तक सुटलं तेव्हा फळी पूर्ण आत होती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

‘‘पैशांचं—’’

‘‘पैसे नकोत. लवकर घरी जा आणि भरून टाका.’’

‘‘बाई, इतकी वर्षं मी आणखी कशासाठी लिहीत होतो?’’ माझा आवाज चढला. एक तर अकरा वर्षं झुलवायचं आणि वर मलाच घाई करायची. ‘‘तुमच्या मनात काही असेल तर सरळ सांगा ना.’’

‘‘मला जेवढं माहीत आहे ते तुम्ही आत्ता पाहिलंत,’’ त्या म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. केक अर्धाच राहिला.

४

पुस्तक सुंदर होतं. बाकीच्या सातांपेक्षा ताजं, जणू काल बांधलेलं. ते हातात घेऊन मी मागच्या खोलीत गेलो तेव्हा शाळेतलं बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा होतो. जुनेलला हाक मारून बोलावलं. तीही बिचारी पिठाचे हात पुसत आली.

पुस्तक दोन बोटं आत गेलं आणि थांबलं.

मी दाबलं. ते आणखी अर्धं बोट गेलं आणि मग मला ते परत यायला लागल्याचं तळहाताला कळलं. झटका नाही, घाई नाही. झोपेतल्या माणसाने कूस बदलताना पांघरूण जसं सहज ढकलावं, तसं. ते पूर्ण बाहेर आलं तेव्हा मी तोंडातून असे शब्द काढले, जे मी जुनेलसमोर एकेचाळीस वर्षांत काढले नव्हते.

‘‘दुसऱ्या शेल्फवर ठेव की,’’ ती म्हणाली.

‘‘दुसऱ्या शेल्फवर? अकरा वर्षं मी दुसऱ्या शेल्फसाठी गाडी चालवली?’’

‘‘माझ्यावर ओरडू नकोस, डेलबर्ट. मी शेल्फ नाहीये.’’ ती निघून गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

मी बॅटरी आणली आणि फटीत उजेड टाकला. मागे भिंत दिसली, रंग उडालेली. आत काही नव्हतं. पण आता पुस्तकांकडे नीट पाहिलं आणि जे इतके दिवस दिसायला हवं होतं ते दिसलं. सातच्या पुस्तकाचा पुठ्ठा आणि अकराच्या पुस्तकाचा पुठ्ठा, दोन्ही बाहेरच्या बाजूला वाकले होते. ओंजळीसारखे. ओलाव्याने पुठ्ठा वेडावाकडा होतो, हे तसं नव्हतं. ही वाकण मला ओळखीची होती. ओलं कातडं पिस्तुलावर ओढून, हाडाच्या पट्टीने घासून घासून बसवलं की ते आतल्या वस्तूचा आकार घेतं. मी हे हजार वेळा केलंय.

हातानेच मला पुढचं सुचवलं. दुकानातलं उरलेलं पातळ गाईचं कातडं कोमट पाण्यात भिजवलं, दुहेरी घडी घातली आणि फटीत सारलं. हे मात्र गेलं. सरसर गेलं, अगदी भिंतीपर्यंत. कोणीतरी पलीकडून घेतल्यासारखं.

जुनेल दारात येऊन उभी होती. ‘‘चर्चला उद्या जेवण आहे. मला बीन्सचं पातेलं उचलून गाडीत ठेवायला माणूस लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘तो तू असशील की कातड्याशीच बोलत बसणार आहेस?’’

मी येईन म्हणालो. गेलो नाही. ती शेजाऱ्यांबरोबर गेली.

५

दोन दिवसांनी मी कातडं बाहेर काढलं. सुकून कडक झालं होतं. त्याने आकार घेतला होता.

माझ्या धंद्यात होल्स्टर वाचता येतो. रिकामा होल्स्टर हातात द्या, आत कुठलं पिस्तूल राहत होतं ते मी सांगतो. नळी किती लांब, मालक डावखुरा की उजवा, तो घोड्यावर बसायचा की गाडीत. तसं मी ते कातडं टेबलावर ठेवून वाचायला बसलो आणि वाचता येईना. तोंडाशी रुंद, पुढे निमुळतं. एका बाजूला ओळीने चार लहान उंचवटे. पाचवा नव्हता. मग एक लांबट, गुळगुळीत भाग, आणि टोकाला कातडं इतकं ताणलं होतं की त्याची छिद्रं उघडी पडली होती. तिथे आत जे होतं ते फटीपेक्षा मोठं होतं.

पण हे काहीच नाही. मी बोट आत घातलं आणि फिरवलं. आतला पृष्ठभाग काचेसारखा होता. ही झिलई हाडाच्या पट्टीने येत नाही. वस्तू आत ठेवली, बाहेर काढली, आत ठेवली, बाहेर काढली, असं वर्षानुवर्षं झालं की येते.

मी हॉलिसला फोन केला. तो आला, काडी चघळत. ‘‘काय, तुझ्या शेल्फने लग्नाची मागणी घातली का?’’

मी कातडं त्याच्या हातात दिलं. त्याने उलटसुलट केलं. आत दोन बोटं घातली. मी सव्वीस वर्षं त्याच्या कमरेच्या होल्स्टरची दुरुस्ती केली होती, त्याला झिजलेलं कातडं काय असतं ते सांगावं लागत नव्हतं. काडी तोंडात हलायची थांबली.

‘‘कधीचं आहे हे?’’

‘‘परवाचं.’’

‘‘डेलबर्ट, हे रोजच्या वापरातलं आहे.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘नाही, ऐक. रोजच्या.’’ त्याने बोटं काढून पँटला पुसली, एकदा, मग पुन्हा. ‘‘तू याला जागा करून दिलीस आणि याने ती वापरली. दिवसातून शंभर वेळा वापरली असेल. तुला आवाज आला नाही?’’

मी विचार केला. कूलरची घरघर दिवसभर चालू असते. तिच्याखाली काय वाजतं ते कोण ऐकतो? आत्ता, तो बोलल्यावर, आम्ही दोघं गप्प बसून ऐकायला लागलो. घरघर. घरघर. आणि तिच्या आत, अगदी नियमाने, कातडं कातड्यावर सरकतं तो मऊ आवाज. मी उठून कूलर बंद केला. तो मऊ आवाजही थांबला.

हॉलिसने कातडं वर्तमानपत्रात गुंडाळलं. ‘‘हे मी काँचो नदीत टाकतो,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तू ते शेल्फ भिंतीवरून उतरव. आज. मी थांबलो असतो, पण मला थांबायचं नाहीये.’’

इतक्या वर्षांत हॉलिसने मला न चिडवता दिलेला तो पहिला सल्ला.

६

भीती मला तेव्हाही वाटली नाही, असं मी स्वतःला सांगतो. माझं डोकं फिरलं होतं. माझं शेल्फ, माझी पुस्तकं, माझं आयुष्यभराचं शोधणं, आणि एका फटीने माझी फजिती करावी! मी जुनेलला सांगितलं की आज ते उखडतो, आणि पहार आणायला मागच्या अंगणातल्या शेडकडे गेलो. दुपारचा एक वाजला असेल. ऊन असं की पेकानच्या झाडाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती.

पहार हातात घेऊन परत येत होतो तेव्हा खोलीच्या खिडकीतून जुनेलचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी. तरुणपणी ती असं हसायची, नाकातून.

‘‘पुरे आता,’’ ती म्हणत होती. ‘‘सोड. सोड रे हात. मला अजून पाच पुस्तकं उतरवायची आहेत.’’

मी अंगणात उभा होतो. पहारीचं लोखंड उन्हाने तापून तळहाताला चटके देत होतं.

‘‘डेलबर्ट! राग गेला ना? मग सोड की. बीन्स जळतील माझ्या.’’

मी धावलो. जाळीचं दार उघडलं, स्वयंपाकघरातून, बोळातून, खोलीच्या दारात. जुनेल शेल्फशी उभी होती. गाल पुस्तकांच्या कण्यांना टेकलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. उजवा हात फटीत. कोपरापर्यंत. कोपराच्याही वर, फुलाफुलांच्या बाहीपर्यंत.

शेल्फ नऊ इंच खोल आहे. मीच बांधलंय.

माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या पहारीकडे. मग परत माझ्याकडे. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, काढायला विसरल्यासारखं.

‘‘तू तिथे आहेस?’’ ती म्हणाली.

मी पहार टाकली आणि तिच्या कमरेला मिठी घालून ओढलं. ती हलली नाही. पुन्हा ओढलं.

‘‘ओढू नकोस,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘दुखत नाहीये मला. ओढलं की त्याला कळत नाही काय करावं.’’

‘‘कोणाला, जुनेल? कोणाला?’’

तिच्या खांद्यावरून मला फटीत थोडंसं दिसलं. बाही, बाहीच्या पुढे तिचा दंड, आणि त्याच्या पलीकडे, जिथे भिंत असायला हवी तिथे, काहीतरी वळलं. तेलपाणी केलेल्या, खूप हाताळलेल्या कातड्याचा रंग. ते तिच्या हाताभोवती होतं, सगळ्या बाजूंनी, आणि कुठेही सुरकुती नव्हती. माप घेऊन शिवल्यासारखं. मग ते जरा सैल झालं. मला वाटतं, माझ्याकडे बघण्यासाठी. पण बघायला त्याला काही होतं असं मी सांगणार नाही, कारण मी तेवढं पाहिलं नाही. मी डोळे मिटले.

जुनेल माझ्या अंगावर कोसळली. हात सुटला होता. आम्ही दोघं जमिनीवर बसलो, आणि वर शेल्फवर सातचं पुस्तक थपकन अकराच्या पुस्तकावर कललं. फट मिटली.

मी तिचा हात दोन्ही हातांत धरला. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं भांडी घासून तिच्या हाताला भेगा पडल्या होत्या, थंडीत रक्त यायचं. आता एकही भेग नव्हती. मनगटापासून दंडापर्यंत हात तुळतुळीत, किंचित ओलसर आणि गरम होता. अंगठ्याने घासून बघितलं. चमकत होता.

‘‘माझ्या बीन्स,’’ जुनेल म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

७

डॉक्टरांनी हात बघितला. म्हणाले, या वयात अशी त्वचा असणं म्हणजे नशीब, कुठलं मलम लावता? हॉलिसने फोनवर एवढंच सांगितलं की त्याने ते नदीत टाकलं, आणि पुढे विचारू नकोस. शेल्फ मी उखडलंच. मागे भिंत होती, भिंतीत काही नव्हतं. सात पुस्तकं आणि आठवं, असा पूर्ण संच मी खोक्यात घट्ट बांधून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पाठवून दिला. त्यांचं आभाराचं पत्र आलं. मी ते पूर्ण वाचलंही नाही. ज्यासाठी इतकी वर्षं घालवली ते आठवडाभर माझ्या घरात होतं, आणि त्याचं एक पान मी धड बघितलं नव्हतं.

जुनेल नेहमीसारखी होती. स्वयंपाक करायची, गोधड्या शिवायची, माझी चूक काढायची. मीच बदललो होतो म्हणाल तर बदललो होतो. आता मी तिच्याबरोबर बाजारात जायचो, पातेली उचलायचो, भांडी पुसायचो. ती म्हणायची, ‘‘काय बाई, इतक्या उशिरा नवरा मिळाला.’’ म्हणताना गोड हसायची. तेवढ्यापुरतं सगळं ठीक वाटायचं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही चर्चला निघालो. आमचा जुना पिकअप ट्रक, पुढे एकच लांब सीट. लग्नाच्या आधीपासून जुनेल त्या सीटवर मध्ये सरकून, माझ्या खांद्याला खांदा लावून बसत आलीय. लोक हसायचे, ही पोरं अजून नवीनच आहेत म्हणून. त्या दिवशी ती खिडकीकडे बसली. मला वाटलं, इस्त्रीचा झगा चुरगळेल म्हणून.

वळणावर मी तिचा हात धरायला माझा हात लांब केला. ती बाजूलाच होती, हातभर अंतरावर. माझा हात अर्ध्यावर थांबला. कडक कशाला अडून नव्हे.

मी खाली बघितलं. सीटचं कापड आम्हा दोघांच्या मध्ये दबलेलं होतं. खोल, गोलसर. ट्रक खड्ड्यातून गेला तसं ते थोडं वर आलं आणि पुन्हा बसलं.

जुनेल समोर रस्त्याकडे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर होता. डावा हात सीटवर, त्या खळग्याच्या कडेला, तळवा वर करून ठेवलेला, आणि बोटं हलकेच मिटलेली होती.

‘‘डेलबर्ट,’’ ती म्हणाली. आवाजात वैताग नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अजिबात नव्हता. ‘‘जरा तिकडे सरकून बस ना. दाटी होतेय.’’

मी दाराच्या कडीपर्यंत सरकलो. माझ्या मागोमाग तो खळगाही रुंद होत आला.